पंखा पाचवर

जानेवारी. कोथरूडमध्ये पहाटेचे तीन. पंखा पाचवर, मी ओला गाऊन बदलतेय आणि शेजारी नवरा डोक्यावरून गोधडी ओढून झोपलाय. गेलं दीड वर्ष हेच चाललंय. मी पंखा लावायचा, त्याने उठून बंद करायचा. "अगं, बाहेर १२ डिग्री आहे!" असेल. माझ्या मानेपासून कानापर्यंत मे महिना चालू आहे, त्याचं काय?

सगळ्यांचं निदान एकच: टेन्शन. सासूबाईंच्या मते मोबाईल. एका डॉक्टरांनी तर सरळ झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पाळीबद्दल एक प्रश्न नाही. ४८ वर्षांच्या बाईला!

मग दुसऱ्या गायनॅककडे गेले, त्यांनी नीट सांगितलं. इस्ट्रोजेन वर-खाली व्हायला लागलं की मेंदूतला थर्मोस्टॅट हळवा होतो. अंग किंचित तापलं तरी तो घाम सोडतो. गुंगी आणणारं प्रोजेस्टेरॉनही कमी होतं. आणि हे पाळी जायच्या काही वर्षं आधीच सुरू होतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ ला जाते. मी आपली पन्नाशीची वाट बघत बसलेले! थायरॉइड आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घेतलं.

यावर हॉर्मोनच्या गोळ्या असतात, पण त्यांची मला धास्तीच होती. २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात या गोळ्यांनी ब्रेस्ट कॅन्सर आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो असं दिसलं, आणि जगभर सगळ्याच घाबरल्या. पण साठीच्या आतल्या, ब्रेस्ट कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठींचा इतिहास नसलेल्या बाईला त्रास जास्त असेल, तर बहुतेक वेळा फायदा जास्त असतो, असं आता डॉक्टर सांगतात. मी अजून घेतलेल्या नाहीत. पण "नकोच बाई ते" म्हणणंही सोडलंय.

आधी संध्याकाळचं अमृततुल्य बंद केलं (जिवावर आलं होतं). निम्मं कॅफिन उतरायलाच पाच-सहा तास लागतात म्हणे. पांघरुणं वेगळी केली, टेबलफॅन फक्त माझ्या बाजूला. जाग आली की कूस बदलत पडायचं नाही, हॉलमध्ये मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घालायच्या, डोळे जड झाले की परत. खरं औषध मात्र हे: रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच. मी साडेसहा ठरवली.

आता लेकाचा डबा सव्वासहाला निघतो. म्हणजे तो कोणी करायचा, यावर आठवडाभर घरात शांतता होती.

सध्या नवरा करतो. पोळ्या जाड होतात. लेक निमूट खातो.