ठिणगी कुठं अडली?

रविवारी वाईला साखरपुडा होता, मुहूर्त साडेअकराचा. साताऱ्याहून तासाभराचा रस्ता, म्हणून सव्वानऊलाच गाडीत बसलो. मागच्या सीटवर आहेराची पिशवी, शेजारी सौभाग्यवती. रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबलेला. चोक ओढला, स्टार्टर मारला. खर्र-खर्र-खर्र. पुन्हा मारला. खर्र-खर्र-खर्र.

"रिक्षा सांगू का?" सौ.

गाडी वडिलांची, १९८६ सालची पद्मिनी. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. या गाडीत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बिघाड झाला तर तो हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो, असं मी लोकांना नेहमी सांगतो. त्यामुळे रिक्षा सांगणं शक्यच नव्हतं. बॉनेट उघडलं.

आमच्या गल्लीत उघडं बॉनेट म्हणजे आमंत्रणच. पहिले आले एसटीतून रिटायर झालेले समोरचे काका. "बॅटरी," ते लांबूनच म्हणाले. म्हटलं, काका, स्टार्टर दणकून फिरतोय, बॅटरी गेली असती तर फिरला असता का? "तसंच वाटतं," काका म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या जोशीबुवांनी पेट्रोलमध्ये पाणी सांगितलं. त्यांच्या स्कूटरला २००५ च्या पावसाळ्यात तेच झालं होतं. माणूस स्वतःच्या गाडीला झालेला आजार दुसऱ्याच्या गाडीत शोधतो. पोटदुखीचंही तसंच आहे.

मी मात्र शास्त्राने चाललो होतो. चार नंबरचा प्लग काढला, वायरीत खोचून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि सौ.ला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी नाही. मग बॅटरीच्या करंटचा दाब वाढवणाऱ्या कॉइलची मधली वायर उपटून बॉडीपासून बोटभर अंतरावर धरली. चट्-चट्-चट्! निळीशार. यातली एक ठिणगी माझ्या कोपरापर्यंत आली, कारण वायर चिमट्याने धरायची असते हे मला वायर हातात असताना आठवलं. बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट कसे होतात हे पुस्तकात वाचणं वेगळं. तोंडातून जे निघालं ते ऐकून काकांनी नातवाला घरात पाठवलं.

पण निदान पक्कं झालं. कॉइल ठणठणीत. म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडतायत, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर शाबूत. करंट कॉइलपासून निघतो आणि प्लगपर्यंत पोचत नाही. मधे फक्त डिस्ट्रिब्युटर, ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात. पावसाळ्यात त्याच्या टोपीत ओल धरते आणि करंट भलतीकडे पळतो. क्लिपा सोडल्या, टोपी उलटी केली, चष्मा वर करून आतल्या चारही पितळी टोकांवर नजर फिरवली. चीर नाही. सौ.चा हेअर ड्रायर आणून पाच मिनिटं शेक दिला. जोशीबुवांनीही टोपी बघितली, काकांनीही. तेवढ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका चिरंजीवांनी मदत म्हणून चारही प्लगच्या वायरी एकदम उपटल्या. आता कुठली कुठे? वडिलांनी पाढ्यासारखी घोकून घेतलेली ठिणगीची पाळी, १-३-४-२, ऐनवेळी कामी आली.

टोपी बसवली. स्टार्टर. खर्र-खर्र-खर्र.

"धक्का मारू," गल्ली एकमुखाने म्हणाली. ठिणगीच नसेल तर धक्का मारून काय होणार, हे मला कळत होतं. पण आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे आणि आठ माणसं बाह्या सरसावून उभी होती. गाडी उतरली, झकास उतरली. गिअर टाकला की आचके देई, इंजिन मात्र मुकं. थेट खालच्या चौकात नारळवाल्यासमोर जाऊन थांबली. आता ती वर ढकलायला आठातलं एकही माणूस दिसेना. साडेदहा वाजले होते.

शेवटी मिस्त्रींचा पोऱ्या आला, सतरा-अठरा वर्षांचा. त्याने डेल्कोची टोपी उचलली, पण टोपीकडे बघितलंच नाही, खाली बघितलं.

"काका, रोटर कुठाय?"

टोपीच्या आत मधोमध फिरणारा, ज्याला त्याला करंट वाटणारा बोटाएवढा रोटर. तो जागेवर नव्हताच. आणि मला सगळं आठवलं. वडील परगावी जाताना रोटर काढून खिशात टाकत. "न्या म्हणावं गाडी, चालवणार कशी?" मागच्या आठवड्यात आम्ही एसटीने मुलीकडे पुण्याला गेलो, तेव्हा मीही तो मोठ्या ऐटीत काढला होता.

सौ. रिक्षाने घरी जाऊन पाच मिनिटांत परत आली. रोटर माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या डबीत होता. "रोज दिसायचा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या दाढीच्या मशीनचा असेल."

पोऱ्याने तो बसवला. अर्ध्या खर्रमध्ये गाडी चालू. शंभर रुपये पुढे केले तर घेईना. "काय केलंय मी?" म्हणाला. ते जास्त लागलं.

गर्दी पांगली. काका तेवढे खिडकीशी वाकले.

"बॅटरी मात्र एकदा बघून घ्या."