शोरूमचा भाव हा शेवटचा भाव नसतो

सोयाबीनचे चुकारे हाती पडू लागले आणि कापसाची पहिली वेचणी जिनिंगला गेली की विदर्भातल्या खेड्यांत नव्या गाडीचा विषय निघतो, आणि त्याच सुमारास कास्तकारांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सांगणे तेच असते. खेड्यातल्या माणसाने डिझेल एसयूव्हीच घ्यावी; काळ्या मातीत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, आणि जाड पत्र्याचीच गाडी टिकते; किंमत कंपनी ठरवते म्हणून शोरूममध्ये भाव करण्यात अर्थ नाही, फार तर मॅट आणि सीटकव्हर मागावे; विमा शोरूमचाच घ्यावा, नाहीतर वॉरंटी जाते; रोख दिल्यास मोठी सूट मिळते; दसऱ्याला ऑफर सर्वांत चांगली असते; आणि गाडी आपल्या जिल्ह्यातच घ्यावी, नाहीतर सर्व्हिसिंगला हाल होतात. हा मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही, पण यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही. शेतीच्या पैशातून घेतलेल्या गाडीत लाख-दीड लाख रुपये उगाच गेले तर ते भरून यायला एक अख्खा हंगाम लागू शकतो, म्हणून हे मुद्दे एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

डिझेलचा आग्रह जुन्या काळातून आलेला आहे. ऑक्टोबर 2014 पूर्वी डिझेलचा दर सरकार ठरवत असे आणि पेट्रोलशी त्याचा फरक मोठा होता. नियंत्रण उठल्यावर तो कमी होत गेला आणि आज महाराष्ट्रात तो लिटरमागे साधारण 13 ते 14 रुपये आहे. डिझेल इंजिन एका लिटरमध्ये जास्त अंतर कापते हेही खरे आहे, परंतु तीच गाडी डिझेलमध्ये घेताना सुरुवातीलाच लाख-सव्वा लाख रुपये अधिक मोजावे लागतात आणि त्यावर एक गोष्ट हा मजकूर सांगतच नाही: महाराष्ट्रात खाजगी गाडीचा एकरकमी रस्ता कर 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के आहे, तर त्याच किमतीच्या डिझेल गाडीला 14 टक्के. समजा पेट्रोल गाडी 11 लाखांची आणि डिझेल गाडी सव्वाबारा लाखांची आहे, तर पहिलीचा कर 1,32,000 रुपये आणि दुसरीचा 1,71,500 रुपये होतो, म्हणजे किंमत आणि कर मिळून डिझेल गाडी 1,64,500 रुपयांनी महाग पडते. महिन्याला 1,000 किलोमीटर चालवणाऱ्या माणसाची गाडी पेट्रोलवर 16 आणि डिझेलवर 20 किलोमीटर देते असे धरले, आणि दर 104 व 91 रुपये धरला, तर वर्षाची बचत 23,400 रुपये येते. जास्तीचे पैसे वसूल व्हायला सात वर्षे लागतात. महिन्याला 2,000 किलोमीटर होत असतील तर हाच काळ साडेतीन वर्षांवर येतो, आणि अशा माणसाने डिझेल जरूर घ्यावे. प्रश्न महिन्याच्या किलोमीटरचा आहे. माणूस खेड्यात राहतो की शहरात, याच्याशी त्याचा संबंध नाही.

खेड्यातल्या वापरात तर डिझेलची एक अडचण उलट वाढते. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 मानक लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर बराच वेळ एकसारख्या वेगाने धावावी लागते. घरून वावरात, वावरातून कृषी केंद्रात आणि तालुक्याला आठ-दहा किलोमीटर जाऊन परत, एवढाच ज्याचा रोजचा फेरा आहे, त्याच्या गाडीत ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अनेक डिझेल गाड्यांत त्याशिवाय अॅडब्लू नावाचे द्रावण वेळोवेळी भरावे लागते, तो खर्च वेगळा.

फोर बाय फोरबद्दलचा दावा अर्धवट खरा आहे. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात ज्यांना बारमाही जायचे आहे, त्यांनी ते घ्यावेच. पण पावसाळ्यातल्या काही आठवड्यांपुरती पांदण खराब असते म्हणून दोन लाखांच्या आसपास अधिक देणे, आणि वाढलेले वजन व वाढलेला इंधनखर्च वर्षभर सोसणे, हा हिशेब बहुतेकांना जमणारा नाही. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि मग चारही चाके फिरली तरी जागच्या जागीच फिरतात. त्या मातीत गाडी कितपत निघेल हे टायर, गाडीच्या पोटाखालची उंची आणि चालवणाऱ्याचा अंदाज यांवर पुष्कळ अवलंबून असते. गाडी बघायला गेल्यावर घरची सगळी माणसे बसवून, मागे सामान ठेवून, ती किती दबते हे पाहावे. कागदावरचा मिलिमीटरचा आकडा रिकाम्या गाडीचा असू शकतो.

जाड पत्र्याची गोष्ट मात्र अर्धवटसुद्धा खरी नाही, आणि इथे चूक पैशांची नसून जिवाची आहे. धडकेत जीव वाचतो तो माणसे बसतात तो पिंजरा टिकल्यामुळे आणि पट्टा व एअरबॅग यांनी वेळेवर काम केल्यामुळे. बाहेरचा पत्रा किती जाड आहे याला त्यात फारसे स्थान नाही. चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी चौकटीवर, बांधलेल्या गाड्या सगळ्या सुरक्षित आणि बाकीच्या नाजूक, असेही चाचण्या दाखवत नाहीत. गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत डिसेंबर 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले आणि एप्रिल 2024 मध्ये बोलेरो निओला एकच. दोन्ही चासीवरच्या गाड्या आहेत आणि एकाच कंपनीच्या आहेत. नेक्सॉनला, जिला वेगळी चासी नाही, 2018 मध्येच मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची तशीच चाचणीही सुरू झाली आहे. समृद्धी महामार्गामुळे वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा जिल्ह्यांतली माणसे आता ताशी 120 किलोमीटरच्या वेगाने प्रवास करतात. तेव्हा बोनेट वाजवून गाडी पारखण्याची पद्धत आपण सोडलीच पाहिजे, आणि मागे बसणाऱ्या आई-वडिलांनाही पट्टा लावायला सांगितले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा किमतीचा. “भाऊ, हा कंपनीचा भाव आहे, आमच्या हातात काही नाही,” हे वाक्य शोरूममध्ये प्रत्येकाने ऐकले आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते प्रमाण मानले आहे. एक्स-शोरूम किंमत कंपनी जाहीर करते हे बरोबर आहे, पण ग्राहक ती किंमत देत नाही. तो देतो ऑन-रोड किंमत, आणि ती अनेक तुकड्यांची बेरीज असते: एक्स-शोरूम, रस्ता कर व नोंदणी, विमा, 10 लाखांच्या वरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर), फास्टॅग, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरीज, आणि कधी कधी हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज. यातला रस्ता कर राज्यात सर्वत्र सारखाच असतो, त्यात कोणी सूट देऊ शकत नाही. हँडलिंग चार्ज नावाची कोणतीही सरकारी आकारणी नाही. तो स्पष्ट शब्दांत नाकारावा. अॅक्सेसरीजचे पॅकेज सक्तीचे असल्याचे सांगितले जाते, ते सक्तीचे नसते. वाढीव वॉरंटी चांगली गोष्ट आहे, पण बहुतेक कंपन्यांत ती नंतरही, मूळ वॉरंटी संपण्याआधी, घेता येते, त्यामुळे त्याच दिवशी सही करण्याची घाई नको. टीसीएसचे पैसे तर आपलेच असतात: साडेबारा लाखांच्या गाडीवरचे 12,500 रुपये खरेदीदाराच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरल्यावर कर लागत नसेल तर परत मिळतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत, आणि ही रक्कम तिथेच राहून जाते.

गाडीच्या किमतीवर डीलरला सुटणारा नफा थोडा असतो. त्याची बरीच कमाई विमा, कर्ज, अॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी यांतून येते. यार्डात उभ्या असलेल्या गाडीवर तो व्याज भरत असतो आणि कंपनीने दिलेले विक्रीचे लक्ष्य गाठले तर त्याला वेगळी रक्कम मिळते. म्हणून महिन्याच्या शेवटी, यार्डात आधीच उभ्या असलेल्या रंगाची आणि प्रकाराची गाडी घेणाऱ्या ग्राहकाच्या शब्दाला वजन येते. ज्या गाडीला महिनोन् महिने प्रतीक्षा आहे तिच्यावर सूट मिळणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुनी गाडी देणार असाल तर नव्या गाडीचा भाव पक्का होईपर्यंत तिचा विषय काढू नये, कारण दोन्ही व्यवहार एकत्र झाले की एकीकडे दिलेले दुसरीकडे काढून घेता येते. घरात जिल्हा परिषदेचे शिक्षक किंवा इतर सरकारी नोकर असतील तर कर्मचाऱ्यांसाठीची सूट विचारावी. कंपनीची शेतकऱ्यांसाठी काही योजना चालू आहे का हेही विचारावे. आणि हे सगळे तोंडी न ठेवता प्रत्येक तुकडा वेगळा दाखवणारे कोटेशन शिक्क्यासह घ्यावे. तेच मॉडेल, तोच प्रकार, असे नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ यांपैकी दोन-तीन ठिकाणचे कागद शेजारी ठेवले की कोणत्या रकान्यात किती जास्त लावले आहे ते आपोआप दिसते.

गाडी निवडतानाही कर कुठे लागतो हे पाहायला हवे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1,500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यापेक्षा मोठ्या गाडीला 40 टक्के. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचे पेट्रोल इंजिन 1,462 सीसीचे असल्याने ती 40 टक्क्यांत जाते. नेक्सॉन, व्हेन्यू आणि बोलेरो 18 टक्क्यांत बसतात. यावरून ब्रेझा घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण आपण देतो त्यातले गाडीचे किती आणि कराचे किती, हे माहीत असलेले बरे.

विमा बाहेरून घेतल्यास वॉरंटी जाते, हे साफ खोटे आहे. वॉरंटी कंपनीची असते, विमा विमा कंपनीचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे आणि त्याचा हप्ता सरकारने ठरवलेला असल्याने तो सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो विम्याच्या आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि तिथेच घासाघीस करायची असते. बाहेरचे कोटेशन दाखवले की शोरूमचा विमा बहुधा खाली येतो. ज्यांनी जुन्या गाडीवर दावा केला नाही, त्यांचा नो क्लेम बोनस मालकाच्या नावावर राहतो आणि जुनी गाडी विकल्यावर नव्या गाडीला लावता येतो. पाच वर्षे दावा नसेल तर या भागात 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एवढे मात्र पाहावे की निवडलेल्या विमा कंपनीची कॅशलेस सोय जवळच्या वर्कशॉपमध्ये आहे.

रोख रकमेचा सल्ला तर धोक्याचा आहे. 1 एप्रिल 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने बंद केले आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. पैसे शेतीचे असले तरी त्यात सवलत नाही. शिवाय डीलरला कर्जावर कमिशन मिळते, त्यामुळे स्वतःचे सगळे पैसे देणाऱ्याला जास्त सूट मिळेल हे गृहीतकच चुकीचे आहे. कर्ज घेताना व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर आहे, की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, हे पहिल्यांदा विचारावे. पाच वर्षांसाठी 7 टक्के फ्लॅट म्हणजे लाखामागे महिना 2,250 रुपये, आणि घटत्या शिलकीवर तो दर साडेबारा टक्के होतो. महिन्याचा हप्ता पगारदाराला सोयीचा असतो. ज्याचे उत्पन्न पिकाबरोबर येते त्याने सहामाही हप्त्याची सोय विचारावी, काही वित्तसंस्था ती देतात.

दसरा आणि धनत्रयोदशीला शोरूममध्ये रांग असते, आणि त्याच दिवशी गाडी घरी नेण्याचा ज्याचा निश्चय आहे त्याला सूट द्यायचे डीलरला कारण उरत नाही. त्याआधीच्या पितृपंधरवड्यात ग्राहक कमी असतात. भाव तेव्हा ठरवून लिहून घ्यावा आणि गाडी मुहूर्तावर आणावी. डिसेंबरात खरोखर सूट असते, पण जानेवारी लागताच गाडी कागदावर एका वर्षाने जुनी होते. दहा वर्षे वापरणाऱ्याला याने फरक पडत नाही, तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला पडतो. उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म 22 या गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर असते. पूर्ण पैसे भरण्यापूर्वी आणि नोंदणी होण्यापूर्वी ते पाहावे आणि गाडी दिवसाउजेडी तपासून घ्यावी.

राहिला जिल्ह्याबाहेरच्या खरेदीचा मुद्दा. कंपनीची वॉरंटी आणि मोफत सर्व्हिसिंग कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, आणि नागपुरात घेतलेल्या गाडीला यवतमाळचा एमएच-29 किंवा वाशीमचा एमएच-37 क्रमांक घेता येतो. राज्याबाहेर जाऊन कर वाचवण्याचा विचार मात्र करू नये: वरुडच्या माणसाने मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडून गाडी आणली तरी ती महाराष्ट्रात कायम ठेवायची असल्यास इथली नोंदणी आणि इथला कर चुकत नाही. लेखी कोटेशनपेक्षा जास्त पैसे घेतले गेले किंवा बुकिंगची रक्कम अडवली गेली, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे निकाल लागला नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, डीलर नागपूरचा असला तरी. त्यासाठी कोटेशन, बुकिंगची पावती आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद हे तीन कागद जपून ठेवलेले असावेत.