गॉर्डनचा कैवार आपण का घ्यावा?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या एका काकांनी नुकताच एकोणिसाव्या शतकातल्या जनरल गॉर्डन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यावर एक लांबलचक मजकूर पाठवला. धर्मवेड्या टोळ्यांपुढे सुदानमधल्या खार्टूममध्ये एकटा छाती काढून उभा राहिलेला वीर, असे त्यात त्याचे वर्णन होते आणि ‘आज आपल्याला अशीच माणसे हवीत’ असा शेवट होता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मला त्याचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

मी इंग्लंडमध्ये ग्रेव्हज्एंडला राहते. 1865 पासून सहा वर्षे गॉर्डन याच गावात थेम्सकाठच्या किल्ल्यांच्या कामावर होता आणि पगारातला मोठा वाटा इथल्या गरीब मुलांच्या अन्नवस्त्रावर व शिक्षणावर खर्च करत होता. नदीकाठच्या बागेत त्याचा पुतळा आहे. त्याच्या चांगुलपणाविषयी मला शंका नाही. पण सुदानमध्ये तो गेला, तो इजिप्तच्या खेदिवाचा, म्हणजे तिथल्या शासकाचा, गव्हर्नर जनरल म्हणून. जाचक कर आणि ते फटक्यांनी वसूल करणारे शिपाई, अशी त्या राजवटीची तिथल्या शेतकऱ्याला ओळख होती. 1881 साली आबा बेटावर मुहम्मद अहमदने स्वतःला महदी, म्हणजे इस्लाममधला अपेक्षित तारणहार, म्हणून जाहीर केले, तेव्हा लोक त्याच्यामागे गेले ते श्रद्धेने आणि या जाचाला विटूनही.

1884 मध्ये सुदानमध्ये आल्यावर गॉर्डनने महदीला तिथल्या कोर्दोफान प्रांताचा सुलतान नेमल्याचे पत्र आणि मानाचा पोशाख पाठवला. महदीने तो परत केला, सोबत आपल्या अनुयायांचा ठिगळांचा अंगरखा धाडला आणि इस्लाम स्वीकारण्याचे आवाहन केले. रोज बायबल वाचणाऱ्या गॉर्डनने ते धुडकावले. दोघेही ईश्वराच्या आज्ञेने चालतो असे मानणारे. मग काकांच्या मजकुरात एकाची ती निष्ठा आणि दुसऱ्याचे ते वेड कसे ठरले?

हेच काका 1857 ला स्वातंत्र्यसमर म्हणतात, आणि मीही म्हणते. त्याची ठिणगी काडतुसांच्या चरबीवरून, म्हणजे धर्मावरूनच पडली होती. तिथे आपण धर्माआडचा जुलूम पाहतो. सुदानमध्ये बंडखोर मुसलमान असल्यामुळे तो दिसेनासा होतो. महदीच्या राज्यात गुलामगिरी चालूच राहिली आणि 26 जानेवारी 1885 रोजी खार्टूम महदीच्या फौजेच्या हाती पडल्यावर तिथे भयंकर कत्तल झाली, हे मी लपवणार नाही. पण 1898 मध्ये खार्टूमशेजारच्या ऑमदुर्मानला ब्रिटिश सेनापती किचनरच्या फौजेने मॅक्झिम मशीनगन आणि तोफांनी एका सकाळीत दहा हजारांच्या आसपास माणसे मारली आणि महदीची कबर उडवून त्याची हाडे नाईलमध्ये टाकली गेली, हेही त्या मजकुरात यायला हवे होते.

त्यात टोफ्रेकची लढाईही नव्हती. मार्च 1885 मध्ये सुदानच्या सुआकिन बंदराजवळ काटेरी झुडपांचे कुंपण उभारत असताना ज्या ब्रिटिश फौजेवर अचानक हल्ला झाला, तिच्यात मुंबई इलाख्याची 28 वी पलटण होती. ती माणसे भारतातून तिथे नेली गेली होती, दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी. काकांना त्यांच्यापेक्षा गॉर्डन जवळचा वाटावा, याचेच मला सर्वांत वाईट वाटते.

इथे गॉर्डनवरून कोणी भांडत नाही. माझे शेजारी त्या पुतळ्याखाली बसून सँडविच खातात. मी ग्रुपवर हे अभिमानाने लिहिणार होते, पण थांबले. त्यांना ही शांतता परवडते, कारण खार्टूम त्यांच्या अंगावरून कधी गेलेच नाही. मी मात्र नोव्हेंबरमध्ये कोटाला युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचे पॉपीचे फूल लावून स्मारकापाशी उभी राहते, ‘गॉड सेव्ह द किंग’ला ओठ हलवते आणि मनात टोफ्रेकच्या शिपायांना हात जोडते. इथल्यांना ते शिपाई ठाऊक नाहीत आणि घरच्यांना ते नको आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलायला मला दोन्हीकडे कोणी सापडत नाही. काकांना मी यातले अर्धेच लिहिले. त्यांनी उत्तर दिले, ‘तू आता तिकडची झालीस.’