‘फर स्वस्त आहे, म्हणजे प्लॅस्टिकचीच’ हे खरं नाही

थंडीची खरेदी सुरू झाली की एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. भाची शिकायला जर्मनीला निघाली होती आणि तिच्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या जॅकेटच्या टोपीला फरची झालर होती. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्यामांजरांच्या फरवर जगभर बंदी आहे, खरी फर महाग असते, त्यामुळे स्वस्त जॅकेटवरची फर प्लॅस्टिकचीच, काही असलंच तर लेबलवर लिहावं लागतं, आणि ‘रॅकून डॉग’ या प्राण्याची फर असली तरी त्यातलं ‘डॉग’ नावापुरतं आहे. तेव्हा बिनधास्त घ्या.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यावर विसंबून माणसं डोळे मिटून खरेदी करतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी बंदी. ती ‘जगभर’ नाही. १९९८ च्या डिसेंबरात अमेरिकेत बर्लिंग्टन कोट फॅक्टरी या दुकानांच्या साखळीत विकायला असलेल्या जॅकेटांना कुत्र्याची फर लावलेली निघाली. माल चीनचा होता. साखळीने ते कपडे मागे घेतले, लोक खवळले आणि २००० साली तिथे कुत्र्यामांजरांच्या फरवर बंदीचा कायदा झाला. दरवर्षी अंदाजे २० लाख कुत्री-मांजरं फरच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी मारली जातात, असं त्या कायद्याच्या सुरुवातीलाच नोंदवलेलं आहे. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये आयात थांबवली. युरोपीय संघाचा नियम २००७ चा, अंमल ३१ डिसेंबर २००८ पासून. हे सगळे त्या त्या प्रदेशापुरते कायदे आहेत. भारताने जानेवारी २०१७ मध्ये फरच्या आयातीवर बंदी घातली, तिच्यात नावं आहेत कोल्हा आणि मिंक, चिंचिला या फरसाठी पाळल्या जाणाऱ्या छोट्या प्राण्यांची; कुत्र्यामांजरांची नाहीत.

चामड्याबद्दल मेसेज गप्प आहे, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. अमेरिकेच्या कायद्यात ‘कुत्र्याची फर’ म्हणजे केसांसकट किंवा नुसती कातडी, अशी व्याख्या आहे. युरोपच्या नियमात शब्द आहे तो फरचा. कुत्रं तेच, कातडी तीच, फक्त केस उतरवून कमावली की प्रश्न वेगळा होतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर एक छोटं चित्र असतं, जनावराचं पसरलेलं कातडं असावं तसा आकार. आपल्याकडेही पुष्कळ बुटांवर ते दिसतं, खोका किंवा तळ उलटून बघा. १९९४ च्या युरोपीय निर्देशानुसार त्या चित्राचा अर्थ एवढाच की हे चामडं आहे. कोणत्या जनावराचं, ते सांगण्याची सक्ती त्यात नाही. कोल्हापुरात चपला करणाऱ्याला विचारलं तर तळ म्हशीच्या चामड्याचा, वेणी शेळीच्या, असं तो बोट ठेवून सांगतो. कारखान्यातून आलेल्या हातमोज्यांबद्दल दुकानदाराला हेच विचारून बघा.

‘खरी फर महाग असते’ ही समजूत आपल्या मनात जुन्या सिनेमांतल्या फरकोटांमुळे बसली आहे. कोट वेगळा, झालर वेगळी. झालरीला लागते ती हातभर पट्टी. ती खरी असून ‘कृत्रिम’ म्हणून विकली गेल्याची प्रकरणं सरकारदरबारी नोंदलेली आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नीमन मार्कससह तीन विक्रेत्यांवर नेमकी याच कारणावरून कारवाई केली. २०१९ च्या जानेवारीत ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने बूहू कंपनीच्या एका स्वेटरची जाहिरात चुकीची ठरवली, कारण ‘फॉ फर’चे म्हणून विकलेले गोंडे खऱ्या फरचे होते. फॉ फर म्हणजे कृत्रिम फर.

लेबलवर सगळं असतं म्हणाल, तर अमेरिकेतच २०१० पर्यंत १५० डॉलरपर्यंतची फर लावलेल्या बहुतेक कपड्यांना लेबलमधून सूट होती. झालरी आणि गोंडे त्यातच सुटायचे. ती सूट डिसेंबर २०१० च्या कायद्याने गेली. युरोपात २०११ च्या नियमानुसार ‘प्राणिजन्य, कापडाव्यतिरिक्त भाग आहेत’ एवढं एक वाक्य पुरतं. चामड्याची पट्टी असो की फर, वाक्य तेच.

आता रॅकून डॉग. हा पूर्व आशियातला प्राणी, जपानमध्ये त्याला तानुकी म्हणतात. अमेरिकेतला रॅकून वेगळ्या कुळातला; हा मात्र कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्याच कुळातला. पाळीव कुत्र्याची जात ती नव्हे, म्हणून वरच्या बंद्या त्याला लागू होत नाहीत. अमेरिकेच्या सरकारी नावसूचीत तो ‘एशियाटिक रॅकून’ म्हणून येतो, म्हणजे लेबल वाचणाऱ्याला ‘डॉग’ हा शब्द दिसतच नाही. चीनने २०२० च्या मे महिन्यात मांस, दूध, फर अशांसाठी पाळायच्या जनावरांची अधिकृत यादी काढली, तिच्यातून कुत्रा वगळला आणि रॅकून डॉग ठेवला. कुत्र्याला वगळलं याचा मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्याचं काय, हा प्रश्न तरीही उरतोच.

‘हातात घेतली की कळतं’ असंही मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं. खरी की प्लॅस्टिकची, एवढं घरी कळतं. आम्ही ते करून पाहिलं. झालरीतले केस दोन बोटांनी फाकवले, तर मुळाशी कापडाची वीण नव्हती, फिकट कातडी होती. चार केस उपटून स्टीलच्या ताटलीत जाळले. प्लॅस्टिक वितळून त्याचा कडक मणी होतो. इथे केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. लेबलवर शंभर टक्के पॉलिस्टर होतं. प्राणी कोणता, हे मात्र ताटलीत कळत नाही. त्याला सूक्ष्मदर्शक, डीएनए किंवा प्रथिनांची तपासणी लागते. रंगवलेल्या, कातरलेल्या फरकडे नुसतं बघून कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

विक्रेत्याला आम्ही दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, ‘चांगल्या प्रतीची फर आहे.’ भाचीने जॅकेट परत पाठवलं. परत करण्याच्या कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘कोणत्या प्राण्याची आहे ते सांगितलं नाही.’