ट्रॅक आधी होता, कॉलनी नंतर आली

सकाळपासून आपल्याच एका मराठी ग्रुपवर अर्ज फिरतोय. गावाबाहेरच्या कार रेसिंगच्या ट्रॅकचा शनिवारी रात्री आवाज येतो, तो बंद करा, सह्या करा. डोकंच फिरलं! घर बघायला गेलात तेव्हा तो ट्रॅक कोणी झाकून ठेवला होता का? नॉर्थ कॅरोलायनात घर घ्यायचं आणि इथल्या शनिवार रात्रीलाच नाकं मुरडायची?

आवाज होतो, मान्य. कधी अकरा वाजतात, लहान मुलं उठतात, तेही मान्य. पुढे?

मागे इथल्याच हिकरी गावच्या ट्रॅकवर, पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या जागी, पाहिलेलं सांगतो. स्ट्रीट स्टॉक या हौशी लोकांच्या स्वस्त गटातली एक गाडी भिंतीवर आपटून आलेली, फेंडर आत दबून टायरवर बसलेला. चालवणारा आठवडाभर लोकांचे एसी दुरुस्त करणारा माणूस. त्याची शाळकरी पोरगी बॅटरी धरून उभी. ज्याच्या धडकेने हे झालं, तो आला. दोघांची चांगलीच जुंपली. मग तोच गेला, आपलं वेल्डिंग मशीन घेऊन आला आणि गाडीखाली शिरला.

हिकरीचा ट्रॅक १९५१ चा. राल्फ अर्नहार्ट, नेड जॅरेट यांच्यासारखे जुने नामवंत रेसर तिथे घडले. मला मात्र हिकरी म्हटलं की तो वेल्डिंगवालाच आठवतो. जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको खरं तर.

या खालच्या गटांत पैसा नाही. जिंकूनही बक्षिसातून टायरचा खर्च निघत नाही. माणसं घरखर्चातून वाचवून गाडी उभी करतात. आणि ट्रॅक एकेक करून चाललेत. मर्टल बीचचा २०२० मध्ये गेला, लॉस एंजेलिसजवळचं अर्विंडेल डिसेंबर २०२४ मध्ये. जागेला भाव आला की मालक तरी किती दिवस थांबणार?

इथलाच नॉर्थ विल्क्सबरोचा बंद पडलेला ट्रॅक परत आलाच की, असं कोणीतरी म्हणेल. आला. नॅसकार, म्हणजे अशा शर्यती भरवणारी अमेरिकेतली मोठी संस्था, तिच्या सर्वात वरच्या कप मालिकेच्या १९९६ च्या शर्यतीनंतर बरीच वर्षं तिथे गवत माजलं होतं. राज्याने १ कोटी ८० लाख डॉलर दिले, डेल अर्नहार्ट ज्युनियरसारखा नावाजलेला रेसर मागे लागला, तेव्हा कुठे २०२३ मध्ये तिथे नॅसकारची ऑल-स्टार शर्यत झाली. आपल्या इथल्या ट्रॅकमागे कोण लागणार आहे?

आणि वस्तीत ट्रॅक चालत नाही, हे तर सांगूच नका. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम शहराच्याच मालकीचं आहे. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा ट्रॅक, नॅसकारच्या शर्यती १९४९ पासून. शनिवारी जाऊन बघा, आजोबा-नातवंडं शेजारी शेजारी बसलेली असतात.

अर्ज पाठवणाऱ्यावर राग नाही, चांगला मित्र आहे. पोरगं रात्री झोपत नाही म्हणून वैतागलाय बिचारा. वेळेचं बोलू ना! साडेदहाला शर्यती संपवा, असा अर्ज लिही, पहिली सही माझी. पण बंद करा म्हणालास तर नाही. हिकरीला त्या रात्री गाडीखालून तो वेल्डिंगवाला बाहेर आला तेव्हा हात काळे झाले होते, आणि त्या पोरीने त्याला पाण्याची बाटली दिली. बापाला धडक देणाऱ्याला! हे पोरांना दुसरीकडे कुठे दाखवणार आहात?

नगर परिषदेच्या पुढच्या बैठकीत मी ट्रॅकच्या बाजूने बोलणार आहे. कोण येतंय, खाली लिहा.