राइनोत स्नोमोबिलचं इंजिन: म्हणे चार बोल्टांचं काम!

बर्फ वितळायला लागला की आमच्या मिनेसोटात एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मराठी ग्रुपवरही येऊन पोचला. (राइनो म्हणजे यामाहाची माती-चिखलात चालणारी, दोघांनी शेजारी बसायची चारचाकी; स्नोमोबिल म्हणजे बर्फावर धावणारी गाडी; सीव्हीटी म्हणजे दोन पुल्या आणि बेल्टवर आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा.) मजकूर थोडक्यात असा: ‘जुनी यामाहा राइनो स्वस्तात मिळते, ठोकलेली स्नोमोबिल त्याहून स्वस्त. तिचं दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन राइनोत टाका. सीव्हीटी दोन्हींत असतेच, इंजिन लिक्विड कूल्ड असतं. चार बोल्ट, एक वीकेंड, काम फत्ते.’ खाली अंगठ्यांची रांग.

असं इंजिन बसतच नाही, असं मी म्हणणार नाही. यामाहाच्या एपेक्स स्नोमोबिलचं 998 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आर-वन मोटरसायकलच्या घराण्यातलं. ते लोकांनी वाळूत पळणाऱ्या गाड्यांत बसवलंय आणि तिथे ते झकास गुरगुरतं. पण त्यांच्यापैकी कुणी चार बोल्टांत सुटलेलं मला माहीत नाही.

बोल्टांचंच आधी बघू. राइनोचा गिअरबॉक्स वेगळा डबा नाही. हाय, लो, रिव्हर्स, सगळे गिअर इंजिनच्याच केसमध्ये. म्हणजे इंजिन उचललं की गिअरबॉक्सही त्याच्याबरोबर निघाला, आणि खाली चाकांकडे जाणारे शाफ्ट अनाथ. आता जुनी केस गिअरबॉक्स म्हणून ठेवायची की दुसरा ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र असलेला डबा) शोधायचा, हे ठरवण्यातच तो वीकेंड संपतो. वेल्डिंग अजून सुरू व्हायचंय.

‘सीव्हीटी दोन्हींत असतेच.’ हे वाक्य सगळ्यात फसवं, कारण ते अर्धं खरं आहे. ज्याने कधी अ‍ॅक्टिव्हाचं डावं झाकण उघडून पाहिलंय, त्याला पुल्या आणि बेल्ट नवे नाहीत. तिथे गाडी जागेवरून हलताना घसरतो तो सेंट्रिफ्युगल क्लच, बेल्ट नाही. राइनोतही तेच तत्त्व आहे: तेलात बुडालेला सेंट्रिफ्युगल क्लच ती घसरण सोसतो आणि बेल्ट कायम ताणलेला राहतो. शिवाय एकाच दिशेने फिरणारं एक बेअरिंग असतं, त्यामुळे उतारावर थ्रॉटल सोडला तरी इंजिन गाडीला आवरून धरतं.

स्नोमोबिलमध्ये असला क्लच नाहीच. पुढची पुलीच क्लच. आयडलला ती उघडी असते, बेल्ट सैल. टू-स्ट्रोक मशीनमध्ये आरपीएम साडेतीन-चार हजारांवर गेले की ती बेल्टला चिमटीत पकडते, आणि सुरुवातीची सगळी घसरण बेल्टच्याच अंगावर. मोकळ्या बर्फावर, उणे वीस अंशांत हे खपून जातं. जूनमध्ये चिखलातल्या ओंडक्यावरून गोगलगायीसारखी गाडी चढवताना नाही खपत. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या गराजमध्ये मी असा बेल्ट हातात घेतलाय: दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत, एका जागी बोटभर खड्डा, आणि जळक्या रबराचा वास दोन दिवस जॅकेटला. तीव्र उतारावर इंजिन आवरून धरेल ही आशाही सोडा. थ्रॉटल सोडला, वेग पडला, की पुढची पुली उघडते आणि गाडी मोकळी सुटते.

आता दीडशे घोडे. हा आकडा थंडीतला. उणे 20 अंशांवरची हवा 30 अंशांवर येईपर्यंत साधारण 16-17 टक्के विरळ होते, ताकदही जवळपास त्याच हिशेबाने उतरते. कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक असेल तर आणखी गंमत. थंडीसाठी लावलेले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, उन्हाळ्यात पेट्रोल जास्त ओततात, प्लग काळे पडतात. म्हणून आपण जेट बारीक करतो. मग ऑक्टोबरातली एखादी गार पहाट येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनला भोक.

लिक्विड कूल्ड? हो, पण बहुतेक स्नोमोबिल गार होतात त्या ट्रॅकच्या (मागे फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) वरच्या बोगद्यात बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांतून. ट्रॅक बर्फ उडवतो, तो त्या पट्ट्यांवर आदळतो. निव्वळ टणक बर्फावर नेलं तरी तापमानाच्या सुया वर चढतात. म्हणून तर लोक बर्फ खरवडून वर उडवणारे हूक लावतात. उन्हाळ्यात तुम्हाला मोठा रेडिएटर, पंखे, लांबलचक होस आणि त्या पंख्यांना पुरेल एवढी वीज लागणार. स्नोमोबिलचं वीज बनवणारं स्टेटर त्या हिशेबाने बनवलेलंच नसतं.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ती गोष्ट म्हणजे धूळ. बर्फात धूळ नसते, म्हणून स्नोमोबिलला आपल्या अर्थाने एअर फिल्टरच नसतो. बर्फ अडवायची जाळी किंवा फोम, बस्स. टू-स्ट्रोकमध्ये हवा क्रँककेसमधून जाते, म्हणजे मातीचा पहिला घास क्रँकच्या बेअरिंगना. बरा फिल्टर लावला की हवेचा मार्ग बदलतो आणि ट्यूनिंग पुन्हा पहिल्यापासून. तरीही हा खर्च टाळू नका.

आणि गाडी कोणती निवडलीत? राइनो उंच, अरुंद, मूळची एका सिलिंडरची. ती उलटण्याच्या तक्रारींनंतर 2009 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाबरोबर यामाहाने मोफत दुरुस्ती जाहीर केली: मागच्या चाकांना ती बाहेर सरकवणारे स्पेसर, आणि वळणावर गाडी कलू न देणारा मागचा अँटी-स्वे बार काढून टाकायचा. जुनी राइनो घेताना हे काम झालंय का, ते वाकून बघा. दीडशे घोड्यांचं नंतर बोलू.

शेजाऱ्याच्या राइनोचा हा तिसरा उन्हाळा. शनिवारी रेडिएटरचे होस बसवायचेत. त्याने दोन मापांचे क्लॅम्प आणलेत, कुठलं बसेल ते त्यालाही ठाऊक नाही. मी चहा घेऊन जाणार आहे.