दोन हात, तीन सूर

मिशिगनच्या हिवाळ्यात घरात कोंडलेला माणूस काय आरंभील याचा नेम नसतो. मी हॅमर्ड डल्सिमर शिकायला घेतले. समलंब चौकोनी पेटीवर ताणलेल्या तारा दोन लाकडी हातोड्यांनी वाजवायच्या, हे वर्णन फोनवर ऐकून पुण्याहून आईने विचारले, "म्हणजे संतूरच ना रे?" मीही वाद नको म्हणून होकार दिला. संतूर असते तर आलापाच्या नावाखाली एकेक सूर सावकाश छेडून मी वेळ मारून नेली असती. येथे मात्र कॉर्ड, म्हणजे एकत्र घुमणारे तीन सूर, वाजवायची होती; सूर तीन आणि माझे हात दोन.

ही अडचण मी शिक्षकांपुढे मांडली, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी तिन्ही सूर एकामागून एक वाजवायला सांगितले, कारण तिसरा येईपर्यंत पहिला विरत नाही. (माझा चुकलेला पहिलाही विरत नाही, हे मला पुढे कळले.) मांडणी तशी सोपी आहे. तारा ज्या उभ्या लाकडी पट्टीवर टेकतात त्या घोडीच्या उजवीकडे सा, तारांची एक जोडी सोडून वर ग, आणि सा देणारीच तार घोडीपलीकडे डावीकडे प देते, कारण घोडी तिचे तीनास दोन असे भाग करते. झाला त्रिकोण! हाच त्रिकोण एक जोडी वर सरकवला की मात्र रे-म-ध वाजते, आणि आकारात तसूभरही फरक न पडता उत्साहाचे सुतक होते.

याच राज्यात, डिअरबॉर्नला, हेन्री फोर्ड यांनी १९२०च्या दशकात जुन्या नृत्यांसाठी वाद्यवृंद बाळगला होता आणि त्यात डल्सिमरही होते. मोटार जोडताना माणसागणिक एकेक काम वाटून देणाऱ्या त्या गृहस्थांनी माझ्या त्रिकोणाला तीन कामगार नक्कीच मंजूर केले असते, आणि चौथा तारा सुरात लावायला. कारण माझ्या लहानशा वाद्यालाही शेहेचाळीस तारा आहेत, आणि घर तापवणारी भट्टी पेटली की लाकूड आकसून त्या एकजात उतरतात.

तीन महिन्यांच्या साधनेनंतर आईच्या वाढदिवसाला मी व्हिडिओ कॉलवर वाजवायला बसलो. घोडीवरच्या पांढऱ्या खुणेवर नजर रोवली, उजवा, डावा, उजवा असे हात मोजून टाकले, आणि त्रिकोण नेमका एक जोडी वर पडला. सूर विरेपर्यंत पुण्यात शांतता होती. मग आईने काळजीने विचारले, "कोण गेलं रे?"